चिमणीचा धूर आणि चुलीचा धूर

(ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक आणि विस्तार अधिकारी यांच्या अभ्यासवर्गात देण्यात आलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

हवेच्या प्रदूषणाचा विषय निघाला की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर कारखान्याची उंच चिमणी उभी राहते. त्यापाठोपाठ शहरातील रस्त्यांवरून धूर ओकत जाणारी वाहने आठवतात. हा प्रश्न मुंबई-पुण्याचा, चंद्रपूर-नागपूरचा. खेड्यातील हवा मात्र शुद्धच असणार, असा एक समज त्यातून दृढ झाला आहे. या समजाला पहिले मोठे आव्हान मिळाले ते दिल्लीतील रुग्णालयांतून.

हृदयरोगतज्ज्ञ डॉ. एस. पद्मावती १९५० च्या दशकात दिल्लीत काम करीत होत्या. फुफ्फुसे दीर्घकाळ रोगट राहिल्यामुळे हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण पडतो आणि ती मोठी होत जाते. हा विकार जगात इतरत्र प्रामुख्याने पुरुषांचा मानला जात असे. धूम्रपान करणारे आणि खाणीत राबणारे लोक त्याचे नेहमीचे रुग्ण. दिल्लीत मात्र या विकाराने आजारी पडणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण पुरुषांच्या बरोबरीचे दिसले. शिवाय त्या वयाने तरुण होत्या, आणि त्यांच्यात विडी-सिगारेट ओढणाऱ्या थोड्याच होत्या. मग त्यांची फुफ्फुसे कशाने निकामी झाली? पद्मावती आणि त्यांचे सहकारी यांनी १९५९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात संशयाचे बोट दाखविले ते घरातील चुलीच्या धुराकडे.

या निरीक्षणातून जो धडा मिळतो तोच या व्याख्यानाचा मुख्य विषय आहे. प्रदूषण ही एकच एक वस्तू नाही. धूर, धूळ आणि वायू यांचे अनेक प्रकार आहेत. प्रत्येकाचा शरीरात शिरण्याचा मार्ग वेगळा, दुखापत करण्याची रीत वेगळी आणि बळी पडणारी माणसेही वेगळी. म्हणून हवा दूषित आहे एवढे म्हणून भागत नाही. ती कशाने दूषित झाली, ती कोण घेतो, किती जवळून घेतो आणि किती वेळ घेतो, या चार प्रश्नांची उत्तरे मिळाली की उपायही दिसू लागतो.

श्वासाची वाट

प्रौढ माणूस दिवसाकाठी सुमारे वीस हजार वेळा श्वास घेतो. त्यातून दहा हजार लिटरहून अधिक हवा त्याच्या फुफ्फुसांत जाते-येते. वजनात मोजली तर ही हवा दहा-बारा किलो भरते. दोन वेळचे अन्न आणि दिवसभराचे पाणी मिळूनही एवढे वजन होत नाही. अन्न आपण निवडून घेतो, पाणी गाळून घेतो. हवा मात्र जशी समोर येते तशी घ्यावी लागते. लहान मूल तर आपल्या वजनाच्या मानाने प्रौढापेक्षा अधिक हवा घेते, आणि त्याची फुफ्फुसे अद्याप वाढत असतात. म्हणून एकाच खोलीतील एकच धूर आईपेक्षा बाळाला अधिक बाधतो.

निसर्गाने या वाटेवर पहारे बसविले आहेत. नाकातील केस आणि ओलावा मोठी धूळ अडवितात. श्वासनलिकेतील सूक्ष्म लव आणि चिकट स्राव आत शिरलेली धूळ पुन्हा घशाकडे लोटतात; खोकला आणि शिंक ही त्याच संरक्षणाची अंगे. तथापि हे पहारे कणांच्या आकारमानावर अवलंबून आहेत. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन. माणसाच्या केसाची जाडी साधारण पन्नास ते सत्तर मायक्रॉन असते. दहा मायक्रॉनपेक्षा मोठी धूळ बहुधा नाकातोंडातच अडते. दहा मायक्रॉनपर्यंतचे कण, ज्यांना पीएम १० म्हणतात, ते श्वासनलिकांपर्यंत पोचतात. अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक असलेले कण, म्हणजेच पीएम २.५, हे सारे पहारे चुकवून थेट वायुकोशांत उतरतात. फुफ्फुसात असे कोट्यवधी वायुकोश असतात. त्यांच्या भिंती इतक्या पातळ असतात की प्राणवायू त्यांतून सहज रक्तात मिसळतो. अत्यंत सूक्ष्म कणही त्याच वाटेने रक्तात शिरू शकतात.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. डोळ्यांना दिसणारी, कपड्यांवर बसणारी धूळ त्रासदायक असली तरी सर्वांत घातक नव्हे. घातक असतो तो न दिसणारा बारीक कण. तो मुख्यतः ज्वलनातून जन्मतो. लाकूड, कोळसा, डिझेल, पाचट, कचरा, विडी, उदबत्ती, काहीही जळले की तो तयार होतो. त्याच्यामुळे फुफ्फुसात सूज येते, दमा बळावतो आणि श्वासनलिका कायमच्या अरुंद होतात. रक्तात गुठळ्या होण्याची प्रवृत्ती वाढते आणि हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात येण्याचा धोका वाढतो. हवेच्या प्रदूषणामुळे होणाऱ्या मृत्यूंत हृदयविकार आणि पक्षाघात यांचा वाटा मोठा आहे, ही बाब अजूनही फारशी कोणाच्या लक्षात नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१३ मध्ये बाहेरील हवेच्या प्रदूषणाचा समावेश माणसात निश्चितपणे कर्करोग घडविणाऱ्या घटकांत केला.

भारत सरकारने २००९ मध्ये ठरविलेल्या मानकांनुसार एक घनमीटर हवेत पीएम २.५ चे प्रमाण वर्षाच्या सरासरीने ४० मायक्रोग्रॅमपेक्षा आणि चोवीस तासांच्या सरासरीने ६० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त असू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचविलेली मर्यादा याहून पुष्कळ कडक, म्हणजे अनुक्रमे ५ आणि १५ मायक्रोग्रॅम आहे. हे आकडे ध्यानात ठेवावेत. चुलीचा विचार करताना त्यांची आठवण होईल.

वायूंचे निरनिराळे स्वभाव

कणांबरोबर वायूही येतात. दगडी कोळसा किंवा गंधकयुक्त तेल जळले की सल्फर डाय-ऑक्साइड तयार होतो. हा वायू पाण्यात चटकन विरघळतो. त्यामुळे नाक, घसा आणि वरच्या श्वासनलिका यांच्या ओलसर अस्तरावरच त्याचा मारा होतो. घसा खवखवतो, खोकल्याची उबळ येते. दमेकऱ्याच्या श्वासनलिका तर काही मिनिटांत आकसतात. नायट्रोजन डाय-ऑक्साइड वाहनांच्या इंजिनांतून आणि औष्णिक वीज केंद्रांतून बाहेर पडतो. तो तुलनेने कमी विरघळतो, म्हणून अधिक खोल जातो. त्याने लगेच ठसका लागेलच असे नाही. पण अस्तराची प्रतिकारशक्ती घटते आणि मुलांना वारंवार छातीचे विकार जडतात.

ओझोनची गोष्ट आणखी निराळी. आकाशात उंचावर असलेला ओझोनचा थर सूर्याच्या अतिनील किरणांपासून आपले रक्षण करतो. तोच वायू जमिनीलगत तयार झाला तर मात्र फुफ्फुसांना जाळतो. तो कोणत्याही चिमणीतून थेट बाहेर पडत नाही. वाहनांचे आणि कारखान्यांचे वायू उन्हात एकमेकांशी मिसळून तो हवेतच बनतो. म्हणून त्याचे प्रमाण दुपारी वाढते, आणि वाऱ्याबरोबर तो शहराबाहेरच्या गावांवरही जातो. तेथे तो माणसांप्रमाणेच उभ्या पिकांचेही नुकसान करतो. शहराच्या धुराची किंमत शेतकऱ्याने मोजावी, असा हा प्रकार आहे.

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही आणि वासही नाही. श्वास घेणाऱ्याला त्याची जाणीव होत नाही. अपुऱ्या हवेत काहीही जळले की तो निर्माण होतो. रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा या वायूची ओढ दोनशे पटींहून अधिक असते. तो एकदा चिकटला की प्राणवायूला जागा उरत नाही. प्रथम डोके दुखते, गरगरते, मळमळते. पुढे शुद्ध हरपते. थंडीत दारे-खिडक्या लावून कोळशाची शेगडी पेटवून झोपलेली माणसे सकाळी उठत नाहीत, ती याच वायूमुळे. हवा खेळती नसलेल्या न्हाणीघरातील गॅसच्या गिझरनेही असेच मृत्यू ओढविले आहेत. गर्भवती स्त्रीच्या रक्तात हा वायू सतत मिसळत राहिला तर गर्भालाही प्राणवायू कमी पडतो.

धूळ आणि धंदा

काही प्रकारचे प्रदूषण ठरावीक धंद्यांशी जोडलेले आहे. खडी फोडणारी यंत्रे, दगडाच्या खाणी, विहिरीचे खोदकाम येथे दगडाची धूळ उडते. त्या धुळीतील स्फटिकमय सिलिका फुफ्फुसात रुतते आणि तेथे व्रणाची कठीण गाठ बनते. सिलिकोसिस हा तो रोग. त्यावर औषध नाही, आणि तो झालेल्या माणसाला क्षय होण्याची शक्यताही वाढते. पुष्कळदा अशा मजुराला केवळ क्षयाचा रुग्ण समजून गोळ्या दिल्या जातात आणि तो पुन्हा त्याच धुळीत कामाला जातो. कोळशाच्या खाणीत कोळशाची भुकटी हेच काम करते. कापूस पिंजण्याच्या आणि सूतकताईच्या खात्यांतील कामगारांना सुटीनंतर कामावर रुजू होण्याच्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी वाटते. कापसाच्या धुळीमुळे होणाऱ्या बिसिनोसिस या रोगाची ती खूण होय.

या साऱ्या व्याधींवर खरा इलाज कारखान्याच्या आतच आहे. दगड फोडताना पाण्याचा फवारा, यंत्रावर आच्छादन, धूळ ओढून घेणारे पंखे आणि कामगारांची नियमित तपासणी यांनी त्या टाळता येतात. तोंडाला उपरणे बांधल्याने बारीक सिलिका अडत नाही, हेही कामगारांना सांगितले पाहिजे.

भारतीय दगडी कोळशात गंधक तुलनेने थोडे, पण राख फार असते. शेकडा तीसहून अधिक राख ही नेहमीची बाब आहे. त्यामुळे चंद्रपूर, कोराडी, भुसावळ यांसारख्या वीज केंद्रांच्या परिसरात उडत्या राखेचा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. चिमणीतील विद्युत-अवक्षेपक व्यवस्थित चालतात की नाही आणि राखेचे तलाव ओले ठेवले जातात की नाही, यावर आसपासच्या गावांचे आरोग्य अवलंबून असते.

हे प्रश्न सुटत नाहीत असे मात्र नव्हे. पेट्रोलमध्ये मिसळले जाणारे शिसे हे त्याचे उत्तम उदाहरण. शिसे मुलांच्या मेंदूच्या वाढीस मारक असते; त्याची सुरक्षित अशी मात्रा नाही. १ फेब्रुवारी २००० पासून भारतभर शिसेविरहित पेट्रोल सक्तीचे झाले आणि वाहनांच्या धुरातून येणारे हे विष बंद झाले. २०२१ पर्यंत सर्व जगातून असे पेट्रोल हद्दपार झाले. जे मूळ स्रोताशी बंद करता येते ते तेथेच बंद करावे, हा त्याचा अर्थ.

लंडन आणि भोपाळ

दोन दुर्घटनांचा येथे उल्लेख केला पाहिजे. डिसेंबर १९५२ मध्ये ५ ते ९ तारखेपर्यंत लंडन शहरावर दाट धुके साचून राहिले. थंड हवेवर उबदार हवेचे झाकण बसल्यामुळे धूर वर जाऊ शकला नाही. त्या काळी सुमारे चार हजार जादा मृत्यूंची नोंद झाली. पुढील काळातील अभ्यासकांनी हा आकडा बारा हजारांपर्यंत नेला. हा धूर केवळ कारखान्यांचा नव्हता. लंडनकरांच्या घराघरांत ऊब मिळविण्यासाठी पेटणाऱ्या कोळशाच्या शेगड्यांचा त्यात मोठा भाग होता. म्हणून १९५६ च्या ब्रिटिश कायद्याने स्थानिक संस्थांना धूरमुक्त विभाग जाहीर करण्याचे अधिकार दिले आणि घरातील शेगड्या बदलण्यासाठी रहिवाशांना अनुदान दिले. कायदा, स्थानिक संस्था आणि घरातील इंधनाची बदली, या तीन गोष्टी एकत्र आल्या तेव्हा लंडनचे आकाश निवळले.

भोपाळची दुर्घटना वेगळ्या जातीची. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री कीटकनाशकांच्या कारखान्यातून मिथिल आयसोसायनेट हा वायू सुटला. हजारो माणसे मरण पावली; लाखोंना बाधा झाली. ओलाव्याशी गाठ पडताच हा वायू डोळे आणि फुफ्फुसे भाजून काढतो. कारखान्यात काय साठविले आहे आणि तो वायू सुटल्यास काय करावे, हे भोवतालच्या वस्तीला सांगण्यात आलेले नव्हते. पुढे १९८६ मध्ये पर्यावरण संरक्षण कायदा झाला. १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात दुरुस्ती होऊन धोकादायक उद्योगांनी कामगारांना, स्थानिक संस्थेला आणि परिसरातील जनतेला धोक्यांची व उपायांची माहिती द्यावी, असे बंधन घालण्यात आले. औद्योगिक वसाहतीलगतच्या ग्रामपंचायतींनी ही माहिती मागून घेऊन ग्रामसभेत वाचून दाखविली पाहिजे. वायू सुटल्यास वाऱ्याबरोबर पळू नये. वाऱ्याच्या दिशेला आडवे जावे आणि नाकातोंडावर ओले फडके धरावे. ही साधी गोष्ट शाळेतील प्रत्येक मुलाला ठाऊक असावी.

मुंबईतील पाहणी

महाराष्ट्रात या विषयाचा पद्धतशीर अभ्यास मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. एस. आर. कामत आणि त्यांचे सहकारी यांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात हाती घेतला. कमी-अधिक प्रदूषण असलेल्या चेंबूर, लालबाग आणि खार या तीन वस्त्या आणि तुलनेसाठी एक ग्रामीण भाग असे चार गट त्यांनी निवडले आणि चार हजारांहून अधिक लोकांची तपासणी केली. अपेक्षेप्रमाणे अधिक प्रदूषित वस्त्यांत दम लागणे आणि खोकला यांचे प्रमाण खारपेक्षा जास्त आढळले. अनपेक्षित होते ते ग्रामीण गटाचे चित्र. दम लागणे आणि दीर्घकालीन श्वासनलिकादाह यांच्या बाबतीत गावकरी खारच्या रहिवाशांपेक्षा सुस्थितीत नव्हते. जेथे कारखाना नाही आणि वाहनेही मोजकी, तेथे ही व्याधी कोठून आली? उत्तर शोधण्यासाठी घराबाहेर जाण्याचे कारण नाही.

घरातील धूर

१९८० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकन शास्त्रज्ञ कर्क स्मिथ यांनी भारतीय सहकाऱ्यांसह गुजरातमधील काही खेड्यांत एक मोजणी केली. स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांच्या अंगावरच हवा मोजणारी लहान उपकरणे बसविण्यात आली. चूल पेटलेली असताना त्या स्त्रिया ज्या हवेत श्वास घेत होत्या, तीत एका घनमीटरमागे काही हजार मायक्रोग्रॅम धूर होता. वर सांगितलेली चाळीस आणि साठ मायक्रोग्रॅमची मर्यादा केवळ बारीक कणांची आहे, आणि ती दिवसाच्या किंवा वर्षाच्या सरासरीची आहे, हे खरे. तरीही अंतर किती आहे ते यावरून लक्षात यावे.

याचे कारण सोपे आहे. उंच चिमणीतून निघालेला धूर आकाशात विरतो आणि माणसाच्या नाकापर्यंत पोचेतो पुष्कळ पातळ होतो. चुलीचा धूर निघतो तो फुंकणी धरलेल्या बाईच्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर. घरात सोडलेला धूर फुफ्फुसात जाण्याची शक्यता बाहेर सोडलेल्या धुरापेक्षा सुमारे हजारपट असते, असा एक ढोबळ नियमच स्मिथ यांनी मांडला. एकूण धूर किती निघाला यापेक्षा तो किती जवळ निघाला, हे आरोग्याच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे.

लाकूड, गोवऱ्या, तुराट्या, पऱ्हाट्या यांच्या धुरात बारीक कण आणि कार्बन मोनॉक्साइड तर असतातच. बेंझिन, फॉर्माल्डिहाइड आणि तंबाखूच्या धुरात सापडणारे बेंझोपायरीनसारखे कर्करोगकारक पदार्थही असतात. रोज दोन वेळ, वयाच्या बारा-तेराव्या वर्षापासून पुढील तीस-चाळीस वर्षे हा धूर घेणाऱ्या स्त्रीचे काय होते? श्वासनलिका हळूहळू अरुंद होतात आणि जिना किंवा चढ चढताना धाप लागू लागते. डोळे चुरचुरतात आणि मोतीबिंदूचा धोका वाढतो. गरोदरपणी बाळाचे वजन कमी भरण्याची भीती असते. पुण्यातील डॉ. संदीप साळवी यांनी २००९ मध्ये सहकाऱ्यासह लिहिलेल्या निबंधात, धूम्रपान न करणाऱ्यांतही श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा रोग जगभर मोठ्या प्रमाणात आढळतो, या गोष्टीकडे लक्ष वेधले. चुलीचा धूर हे त्यामागील एक प्रमुख कारण होय.

मांडीवर किंवा पाठीशी असलेले मूलही तोच धूर घेते. घरातील धुरामुळे लहान मुलांना न्यूमोनियासारखे फुफ्फुसाचे विकार होण्याचा धोका जवळजवळ दुप्पट होतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तिच्याच अंदाजानुसार २०२० या एका वर्षात घरातील धुरामुळे जगात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले. त्यांत पाच वर्षांखालील मुले दोन लाखांहून अधिक होती.

चुलीखेरीज घरात आणखीही धूर असतात. बंद खोलीत रात्रभर जळणाऱ्या डासांच्या एका कॉइलमधून निघणारे बारीक कण वजनाने ७५ ते १३७ सिगारेटींतून निघणाऱ्या कणांइतके असतात, असे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले. मच्छरदाणी हा त्यावर निर्धोक पर्याय आहे. घरात विडी ओढणाऱ्या पुरुषाचा धूरही त्याच्या बायकामुलांच्या वाट्याला येतो.

योजनांचा अनुभव

शासन या बाबतीत स्वस्थ बसलेले नाही. डिसेंबर १९८३ मध्ये सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि गावोगाव निर्धूर चुली बसविण्यात आल्या. परंतु चूल बसविणे आणि चूल वापरात राहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नळकांड्यात काजळी साचते, ती झाडावी लागते. माती भेगाळते, ती लिंपावी लागते. मोठी भाकरी नव्या वैलावर नीट भाजत नाही. या अडचणींची दखल न घेतल्यास काही महिन्यांत जुनी तीन दगडांची चूल परत येते. ओडिशात करण्यात आलेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका दीर्घ पाहणीत हेच दिसले. सुधारित चुलींचा पहिल्या वर्षी दिसलेला लाभ पुढे देखभालीअभावी नाहीसा झाला.

१ मे २०१६ रोजी सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने गरीब कुटुंबांपर्यंत स्वयंपाकाचा गॅस नेला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातील ५८.६ टक्के घरांत स्वयंपाकासाठी स्वच्छ इंधन वापरले जात असल्याचे आढळले. ग्रामीण भागात मात्र हे प्रमाण ४३.२ टक्के होते. जोडणी मिळाली तरी दुसरे सिलिंडर भरून आणण्याइतके पैसे हाती नसतात, आणि सरपण तर फुकट मिळते. अनेक घरांत चहा आणि भाजी गॅसवर, तर भाकरी आणि आंघोळीचे पाणी चुलीवर, अशी वाटणी झालेली असते. धूर अर्ध्यावर आला म्हणून आजार अर्ध्यावर येतो असे नाही. तो पुष्कळ कमी झाला तरच खरा लाभ दिसतो. म्हणून किती जोडण्या दिल्या याबरोबरच वर्षाकाठी किती सिलिंडर भरले गेले, याचीही चौकशी झाली पाहिजे.

गावाच्या हाती काय आहे

हवेच्या प्रदूषणाचे प्रतिबंधन करणारा केंद्रीय कायदा १९८१ मध्ये झाला आणि १९९६ पासून संपूर्ण महाराष्ट्र राज्य वायुप्रदूषण नियंत्रण क्षेत्र म्हणून घोषित झाले. खडी यंत्र, वीटभट्टी किंवा कारखाना यांच्या धुराविषयी तक्रार असल्यास राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे ग्रामपंचायतीने ठरावासह दाद मागावी. तक्रारीत दिनांक, वेळ, वाऱ्याची दिशा आणि बाधितांची संख्या नमूद केल्यास तपासणीला आधार मिळतो.

परंतु पुष्कळ गोष्टी कोणाकडेही दाद न मागता करता येण्याजोग्या आहेत. गावाचा उकिरडा पेटविण्याची पद्धत बंद करणे ही त्यांपैकी पहिली. प्लॅस्टिक जळताना डायॉक्सिनसारखी घातक द्रव्ये निघतात. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळण्यास देशभर मनाई करून दंडही ठरवून दिला. दुसरी गोष्ट उसाच्या पाचटाची. एका हेक्टरमधून साधारण आठ ते दहा टन पाचट निघते. ते पेटविले की धूर गावावर येतो आणि जमिनीचे सेंद्रिय खतही जाते. तेच सरीत पसरून कुजविले तर ओल टिकते आणि तण कमी होते. येथे आरोग्य आणि शेती यांचे हित एकच आहे.

तिसरी गोष्ट शाळा आणि अंगणवाडी यांच्याशी संबंधित आहे. शालेय पोषण आहार जेथे अजून लाकडावर शिजतो, तेथे स्वयंपाक करणारी महिला रोज काही तास धुरात असते आणि शेजारच्या वर्गात मुले बसलेली असतात. सार्वजनिक पैशांतून चालणाऱ्या प्रत्येक स्वयंपाकघरात गॅस असावा आणि वर्षभराच्या सिलिंडरांची तरतूद असावी, हे पाहणे मुख्याध्यापक आणि ग्रामपंचायत यांना अशक्य नाही. चौथी गोष्ट घरबांधणीची. घरकुल मंजूर करताना स्वयंपाकघराला समोरासमोर झरोके आणि छताशी धुराडे आहे की नाही, हे पाहावे. ज्यांना चूल सोडणे आज शक्य नाही त्यांनी निदान कोरडे सरपण वापरावे, पाणी तापविण्याची चूल घराबाहेर पडवीला न्यावी आणि चूल पेटलेली असताना तान्हे मूल दुसऱ्या खोलीत ठेवावे. जनावरे असलेल्या कुटुंबांना गोबरगॅस संयंत्राचा मार्ग खुला आहेच.

शेवटची सूचना खर्चाची नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात धाप लागते म्हणून आलेल्या पुरुषाला विडी-तंबाखूविषयी हमखास विचारले जाते. स्त्रीला तो प्रश्न विचारून नकार मिळाला की चौकशी तेथेच संपते. अशक्तपणा, वय, काळजी अशा नोंदी होतात आणि ती पुन्हा त्याच चुलीपुढे जाऊन बसते. तिच्या केसपेपरवर आणखी एका ओळीची नोंद व्हावी: स्वयंपाक कशावर होतो आणि किती वर्षांपासून. आरोग्यसेविका आणि आशा कार्यकर्त्या यांनी गावातील प्रत्येक घरी हा प्रश्न विचारला, तर धुराने आजारी पडणाऱ्या स्त्रियांची खरी संख्या वर्षभरात ग्रामसभेपुढे येईल. दिल्लीतील रुग्णालयांत १९५० च्या दशकात जो प्रश्न उपस्थित झाला, त्याचे उत्तर आता ठाऊक आहे. ते प्रत्येक गावाने आपल्यापुरते मोजून पाहावे आणि त्यानुसार आपले अंदाजपत्रक आखावे, एवढेच काम उरले आहे.